सभा आणि गृह : मुंबईचा टाऊन हॉल व खानदेशातील नगरसंस्था

१

"नगरपालिकेत जाऊन येतो" असे आपण सहज म्हणतो, तेव्हा आपल्या मनात एक इमारत असते. "नगरपालिकेने कर वाढविला" असे म्हणतो, तेव्हा त्याच शब्दाने माणसांचा एक समूह अभिप्रेत असतो. शाळा, न्यायालय, कचेरी ह्या शब्दांचेही असेच आहे. संस्थेच्या नावाने वास्तूचा आणि वास्तूच्या नावाने संस्थेचा बोध व्हावा, हा भाषेचा नित्याचा व्यवहार होय. परंतु नगरसंस्थेच्या बाबतीत ह्या व्यवहारामागे दीडदोनशे वर्षांचा इतिहास उभा आहे आणि तो केवळ शब्दांचा नाही.

संस्कृतात 'सभा' हा शब्द असाच दुहेरी आहे. जमलेली माणसे म्हणजे सभा आणि जिथे ती जमतात ते घर म्हणजेही सभा. महाभारतात मयासुराने पांडवांसाठी बांधली ती सभा म्हणजे वास्तूच. पाणिनीने तर ह्या दोन अर्थांतील भेद व्याकरणात नोंदविला आहे. सामासिक शब्दाच्या शेवटी येणारा 'सभा' हा शब्द समूहवाचक असेल, तर समास नपुंसकलिंगी होतो, उदाहरणार्थ 'स्त्रीसभम्', म्हणजे स्त्रियांचा समुदाय. तोच शब्द शाळेचा, म्हणजे घराचा, वाचक असेल, तर 'अनाथसभा' असे स्त्रीलिंगी रूप टिकते. मराठीने ह्यांपैकी माणसांचा अर्थ ठेवला व घराचा टाकला. म्हणून आपल्याला घरासाठी 'सभागृह' असा जोडशब्द करावा लागला.

नगराच्या कारभारात सभा आधी की गृह आधी, हा प्रश्न प्रस्तुत लेखात विचारावयाचा आहे. त्यासाठी मुख्यतः मुंबईच्या टाऊन हॉलचा, म्हणजे आज एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय जिथे आहे त्या वास्तूचा, इतिहास पाहू. ही वास्तू एके काळी मुंबईच्या नगरसभेचे व प्रांतिक विधिमंडळाचे बैठकीचे स्थान होती आणि आता ती तशी राहिलेली नाही. तिच्या शेजारी आपल्या खानदेशातील धुळे व जळगाव ह्या शहरांचा अनुभव ठेवला, म्हणजे दोहोंवर प्रकाश पडेल. ही तुलना ओढूनताणून केलेली नाही. ज्या एल्फिन्स्टनच्या अधिकाराखाली खानदेश इंग्रजी अंमलात आला, त्याच्याच गव्हर्नरीच्या काळात टाऊन हॉलच्या भिंती वर आल्या आणि त्याचा संगमरवरी पुतळा त्या वास्तूत आजही उभा आहे.

२

प्रथम धुळे पाहू. १८०३ साली होळकरांच्या स्वाऱ्यांनी व दुष्काळाने धुळे ओसाड झाले. पुढच्याच वर्षी विंचूरकरांचे एक आश्रित बाळाजी बळवंत यांनी ते पुन्हा वसविले. लळिंग व सोनगीर हे परगणे तेव्हा विंचूरकरांकडे होते. १८१८ मध्ये पेशवाई संपली. खानदेशचा कारभार कॅप्टन जॉन ब्रिग्ज या अधिकाऱ्याकडे आला आणि त्याने नव्या जिल्ह्याचे मुख्य ठाणे म्हणून धुळ्याची निवड केली. हाच ब्रिग्ज पुढे फेरिश्त्याच्या फारसी इतिहासाचा इंग्रजी भाषांतरकार म्हणून प्रसिद्धी पावला. पाटाचे पाणी व पांझरा नदी ह्यांच्या बेचक्यात, बागायतीने वेढलेले एक लहानसे गाव, असे तेव्हाच्या धुळ्याचे वर्णन त्याने केले आहे. १८१९ साली गावात ४०१ घरे व २,५०९ माणसे होती.

त्याच वर्षीच्या जानेवारीत ब्रिग्जने मुलकी व न्यायखात्याच्या कामासाठी सरकारी इमारती बांधण्याची मंजुरी मिळविली. दूरदूरच्या ठिकाणांहून कारागीर आणविण्यात आले आणि २,७०० पौंड, म्हणजे गॅझेटिअरच्या हिशेबाने सुमारे २७,००० रुपये, खर्चून त्या उभ्या राहिल्या. व्यापाऱ्यांनी व इतरांनी येथे येऊन राहावे म्हणून घरांसाठी जागा कायमच्या बिनभाड्याने देण्यात आल्या, पक्की घरे बांधण्यास उचलही देण्यात आली. नव्या वस्तीचे रस्ते सरळ आखले गेले. धुळ्याच्या पेठेतील समांतर गल्ल्या आजही 'गल्ली नंबर एक', 'गल्ली नंबर चार' अशा अंकांनी ओळखल्या जातात. जुन्या गावात गल्लीला नाव मिळते ते तिथे राहणाऱ्या जातीवरून, धंद्यावरून, देवळावरून किंवा एखाद्या वाड्यावरून, म्हणजे आधी माणसे येतात आणि मग नाव. जिथे गल्लीला अंक आहे, तिथे आधी आखणी झालेली असते आणि माणसे मागाहून आलेली असतात. धुळ्याची ही आखणी सर मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या यांनी केली, अशी एक समजूत प्रचलित आहे. विश्वेश्वरय्या धुळ्यास आले ते १८८४ साली, एक तरुण अभियंता म्हणून. नवे धुळे त्यापूर्वी सहा दशके वसू लागले होते. त्यांच्या थोरवीला ह्या श्रेयाची गरज नाही आणि ब्रिग्जच्या वाट्याचे ब्रिग्जला दिले पाहिजे.

येथे लक्षात घ्यावयाचे ते हे की, नव्या धुळ्याचे पहिले सार्वजनिक घर म्हणजे कचेरी होय. 'कचेरी' हा शब्द हिंदुस्थानीतून मराठीत रुळलेला. त्यापूर्वी गावाचे सार्वजनिक घर म्हणजे चावडी. चावडीवर गावचा पाटील बसे आणि गावकरीही बसत. कचेरीत अंमलदार बसे आणि लोक उभे राहत. 'चावडीवर' आणि 'कचेरीत' ह्या दोन विभक्तिरूपांतील फरकही अर्थपूर्ण आहे. चावडी ही जोत्यावर चढून बसण्याची उघडी जागा, तर कचेरी ही आत शिरण्याची, भिंतीआडची जागा. धुळ्यास गृह झाले, वर्षभरात झाले, थोड्या खर्चात झाले. सभेचा प्रश्न तेव्हा कोणाच्या मनात नव्हता.

३

मुंबईत मात्र काम अगदी वेगळ्या गतीने चालले होते. सर जेम्स मॅकिंटॉश हे तेथील न्यायाधीश, त्या वेळच्या भाषेत 'रेकॉर्डर', होते. त्यांनी २६ नोव्हेंबर १८०४ रोजी परळच्या सरकारी निवासस्थानी 'लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे' ही विद्वत्सभा स्थापन केली. तिला ग्रंथ ठेवण्यास जागा हवी होती. इंग्रज वस्तीला मेजवान्या, नृत्यसमारंभ व सार्वजनिक बैठका यांसाठी एक मोठे दालन हवे होते आणि थोर पुरुषांचे पुतळे उभारण्यास योग्य असे स्थानही हवे होते. ह्या सर्वांसाठी मिळून एक टाऊन हॉल बांधावा, ही कल्पना १८११ साली मॅकिंटॉश स्वदेशी परतण्याच्या सुमारास पुढे आली.

पैसा उभा करण्यासाठी लॉटरी, म्हणजे सोडत, काढण्यात आली. सोडतीने आशा पुष्कळ दाखविली व रक्कम थोडी दिली. दहा वर्षे अशी गेल्यावर १८२१ च्या सुमारास बांधकामास आरंभ झाला. आराखडा बॉम्बे इंजिनिअर्स दलातील कर्नल टॉमस कूपर यांचा होता. काम पुरे होण्यापूर्वीच कूपर वारले आणि त्यांच्या पश्चात दुसऱ्या लष्करी अभियंत्यांनी ते तडीस नेले. पैसा वारंवार अपुरा पडे. अखेर बहुतेक खर्चाचा भार कंपनी सरकारने उचलला आणि १८३३ साली वास्तू खुली झाली. कल्पनेपासून पूर्ततेपर्यंत बावीस वर्षे लागली. दरम्यान लिटररी सोसायटी लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीशी १८२९ मध्ये जोडली जाऊन तिची मुंबई शाखा बनली होती. तिचे ग्रंथ व तिच्या बैठका ह्या वास्तूच्या उत्तर भागात स्थिरावल्या.

ह्या सर्व काळात मुंबईत ज्याला आपण नगरपालिका म्हणू, असे काहीही नव्हते. शहराची झाडलोट, रस्ते व कर ह्यांची व्यवस्था सरकारने नेमलेल्या मॅजिस्ट्रेटांकडे व 'जस्टिस ऑफ द पीस' ह्या मानकऱ्यांकडे होती. म्हणजे 'टाऊन हॉल' ह्या नावातील 'हॉल' उभा राहिला होता, 'टाऊन' मात्र अद्याप यावयाचे होते. कोटातील युरोपियन समाज म्हणजेच शहर, असे हे नाव ठेवणाऱ्यांनी गृहीत धरले होते. वास्तूत बसणाऱ्या विद्वत्सभेचे दारही तसेच बंद होते. १८४० साली माणकजी करसेटजी यांना प्रवेश मिळेपर्यंत तिचा एकही सभासद हिंदी नव्हता.

४

आता वास्तूच्या रचनेकडे वळू. टाऊन हॉल पश्चिमाभिमुख आहे. समोर पूर्वी 'बॉम्बे ग्रीन' नावाचे मोकळे मैदान होते. १८४४ पर्यंत, म्हणजे कापसाचा बाजार कुलाब्यास हलविला जाईपर्यंत, त्या मैदानात कापसाच्या गाठींचे ढीग लागत. त्यांत थळ घाट उतरून आलेला आपल्या खानदेशचा कापूसही असणारच. ग्रीक देवळासारखी ही शुभ्र वास्तू आणि तिच्या पायाशी कापसाच्या गाठी व बैल, असे तेव्हाचे दृश्य होते.

इमारत उंच जोत्यावर आहे. खालचा मजला म्हणजे जणू एक भक्कम बैठकच आणि मुख्य दालने तिच्यावर आहेत. दर्शनी बाजूस रुंद पायऱ्यांची ओळ वर चढत जाते. ह्या तीस पायऱ्या आज मुंबईकरांच्या विशेष परिचयाच्या आहेत. पायऱ्या संपतात तिथे आठ डोरिक स्तंभांचा मंडप आहे आणि त्याच्या माथ्यावर त्रिकोणी मुखपट. डोरिक ही ग्रीक स्तंभरचनांतील सर्वांत साधी व राकट. ग्रीक पद्धतीत ह्या स्तंभाला खाली बैठक नसते, अंगावर उभ्या पन्हळी असतात आणि माथ्यावर नक्षीकाम न करता साधी चौकोनी फरशी ठेवलेली असते. हे स्तंभ इंग्लंडहून जहाजाने आले असे सांगतात. आणलेले काही स्तंभ येथे प्रमाणाबाहेर मोठे वाटल्याने भायखळ्याच्या ख्राइस्ट चर्चसाठी वापरण्यात आले, अशीही एक परंपरागत हकीकत आहे. ते चर्च १८३३ चेच असल्यामुळे ती सांगणाऱ्यास आधार मिळतो, इतकेच येथे म्हणता येईल.

युरोपात अशी स्तंभरचना तेव्हा ग्रीसच्या अभिमानाने वापरली जात होती. लोकशाहीचे, न्यायाचे व विद्येचे उगमस्थान म्हणून ग्रीसकडे पाहिले जाई आणि न्यायालये, ग्रंथालये व नगरभवने त्याच वळणाची बांधली जात. मुंबईस हे वळण अभियंत्यांच्या नकाशांच्या पुस्तकांतून आले. मात्र हवा ग्रीसची नव्हती. पश्चिमेचे ऊन व मोसमी पाऊस थेट दर्शनी भिंतीवर येत असल्यामुळे खिडक्यांवर लाकडी पट्ट्यांच्या झिलमिली व छपऱ्या बसविल्या गेल्या आणि स्तंभांच्या मंडपाला आपल्याकडील ओसरीचे काम करावे लागले. आत लाकडी जमिनी, वळणाचे जिने व लोखंडी कठड्यांचे सज्जे आहेत. शास्त्रानुसार ग्रीक असलेली वास्तू वापराने पुष्कळशी मुंबईची झाली.

आतील दालनांपैकी एकाचे नाव 'दरबार हॉल' आहे. ह्या जोडनावावर क्षणभर थांबणे अवश्य आहे. 'दरबार' हा फारसी शब्द. 'दर' म्हणजे दार आणि 'बार' म्हणजे भेटीस दिलेला प्रवेश. दरबारात ज्याला आत घेतले तो येतो. नगराच्या घरात मधोमध दरबार असावा, ही विसंगती कोणास टोचली नाही, कारण नगर म्हणजे काय, हेच ठरलेले नव्हते.

५

ते पुढील चाळीस वर्षांत ठरू लागले आणि आश्चर्य असे की, ते ह्याच दालनांत ठरू लागले.

१ नोव्हेंबर १८५८ रोजी टाऊन हॉलच्या पायऱ्यांवरून राणीचा जाहीरनामा वाचून दाखविण्यात आला. इंग्रजीमागोमाग तो मराठीतही वाचला गेला. भाषेच्या अभ्यासकाला ही गोष्ट लहान वाटू नये. पंचवीस वर्षांपूर्वी ज्या वास्तूच्या कामकाजात मराठीला स्थान नव्हते, तिच्या दारात उभे राहून सत्तेला मराठीत बोलावे लागले. ती पायऱ्यांपर्यंत आली. आत तिला अद्याप जागा नव्हती.

पुढच्याच वर्षी, १८५९ मध्ये, मुंबई विद्यापीठाची पहिली प्रवेश परीक्षा झाली. तिच्यात उत्तीर्ण झालेल्या मोजक्या विद्यार्थ्यांत महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. विद्यापीठाला स्वतःचे सभागृह मिळेपर्यंत त्याचे आरंभीचे पदवीदान समारंभ टाऊन हॉलमध्येच झाले. नृत्यसमारंभांसाठी बांधलेल्या दालनात आता कोकणातील व देशावरील शिक्षकांची व कारकुनांची मुले पदवी घेऊ लागली. डॉ. भाऊ दाजी लाड एशियाटिक सोसायटीत शिलालेखांवरील निबंध वाचू लागले आणि पुढे तिचे उपाध्यक्ष झाले. पुतळ्यांच्या रांगेत एल्फिन्स्टन व माल्कम ह्यांच्या जोडीला नाना शंकरशेट येऊन बसले.

२२ जानेवारी १८६२ रोजी मुंबई प्रांताच्या कायदे कौन्सिलची पहिली बैठक ह्याच वास्तूच्या दरबार हॉलमध्ये भरली. आजच्या महाराष्ट्र विधिमंडळाची परंपरा तेथपर्यंत मागे नेली जाते. सरकारने नेमलेल्या हिंदी सभासदांत नाना शंकरशेट होते, तसेच विंचूरकर घराण्यातील एक सरदारही होते. ज्या घराण्याच्या आश्रिताने ५८ वर्षांपूर्वी ओसाड धुळे वसविले, त्याच घराण्यातील पुरुष आता प्रांताच्या कायद्यासाठी मुंबईस बसला होता. सारे काम इंग्रजीत चाले आणि निवडून आलेला कोणीही तेथे नव्हता. हा खऱ्या अर्थाने दरबारच होता, त्यात सभासदांना प्रश्न विचारण्याचीही मुभा नव्हती.

नगराच्या कारभारातही पालट झाला. १८६५ च्या कायद्याने जस्टिसांच्या मंडळाला कायदेशीर संस्थेचे रूप मिळाले व कार्यकारी सत्ता म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड ह्यांच्याकडे गेली. क्रॉफर्ड ह्यांनी शहर स्वच्छ केले, मोठे मार्केट बांधले आणि पैसा इतका सढळ हाताने खर्चिला की १८७१ साली करदाते खवळून उठले. जस्टिसांच्या सभा टाऊन हॉलमध्ये भरत आणि क्रॉफर्ड प्रकरणाचे वाद तेथेच रंगले. त्यांतून १८७२ चा कायदा निघाला. त्यानुसार ६४ सभासदांची कॉर्पोरेशन अस्तित्वात आली आणि तिचे अर्धे सभासद करदात्यांनी निवडून द्यावयाचे ठरले. म्हणजे नाव ठेवल्यापासून साठ वर्षांनी टाऊन हॉलला टाऊन मिळाले.

परंतु ते भाडेकरूसारखे आले. पालिकेच्या कचेऱ्या आधी गिरगाव रस्त्याच्या टोकाला एका साध्या इमारतीत होत्या, १८७० पासून एस्प्लनेडवरील दुसऱ्या इमारतीत होत्या. सभा एका ठिकाणी, कचेरी दुसऱ्या ठिकाणी, अशी ही विभागणी होती. दोन्ही एकत्र आणण्यासाठी बोरीबंदर स्थानकासमोर नवी वास्तू उभारण्याचे ठरले व तिची कोनशिला डिसेंबर १८८४ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड रिपन ह्यांनी बसविली. वास्तुशिल्पी फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स ह्यांनी गॉथिक अंगावर भारतीय घुमटांचा साज चढविला व २५५ फूट उंचीचा मनोरा उभारला. १६ जानेवारी १८९३ रोजी कॉर्पोरेशनची पहिली सभा नव्या सभागृहात भरली. त्या दिवसापासून टाऊन हॉल हे नगराचे पूर्वीचे घर झाले.

६

ह्याच काळात खानदेशात काय घडत होते? १८५० च्या कायद्याने रहिवाशांनी मागणी केल्यास गावास म्युनिसिपालिटी स्थापन करता येऊ लागली होती. धुळ्यास ती १८६२ साली झाली, म्हणजे टाऊन हॉलमध्ये कायदे कौन्सिल प्रथम बसली त्याच वर्षी. जळगावास १८६४ साली झाली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला होता, लोहमार्ग आला होता आणि जळगाव पेठ म्हणून वेगाने वर येत होते. १८७२ पर्यंत धुळ्याची लोकसंख्या १२,४८९ झाली होती. मुंबईस त्याच कापसाच्या पैशातून टाऊन हॉलसमोरच्या मैदानाभोवती एल्फिन्स्टन सर्कलच्या इमारती चढू लागल्या. एकाच लाटेने मुंबईत दगडी महाल उभे केले आणि खानदेशात नगरसंस्था जन्मास घातल्या.

मुंबईस गृह होते, सभा नव्हती. आपल्याकडे सभा झाली, परंतु ती कचेरीच्या छायेत. अध्यक्षस्थान कलेक्टरकडे असे, सभासद नेमलेले असत आणि विषयपत्रिका म्हणजे बहुधा वरून आलेली आज्ञा. १८ मे १८८२ रोजी लॉर्ड रिपन ह्यांचा स्थानिक स्वराज्याचा ठराव आला व त्यामागोमाग मुंबई इलाख्याचा १८८४ चा जिल्हा म्युनिसिपल कायदा. त्यानंतर निवडून आलेल्या सभासदांचे प्रमाण वाढले व बिनसरकारी अध्यक्षांना वाट मिळाली. १९०६ मध्ये खानदेशचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले आणि जळगावलाही जिल्ह्याची कचेरी आली. तेथे मात्र क्रम धुळ्याच्या उलट होता. नगरसंस्था ४२ वर्षांची झाल्यावर कचेरी तिच्या शेजारी येऊन बसली. जळगाव हे व्यापाऱ्यांच्या व गिरणीच्या हिमतीवर वाढलेले गाव, धुळे हे आखलेले ठाणे, असा जो फरक दोन्ही शहरांच्या स्वभावात लोक सांगतात, त्याचे एक मूळ ह्या क्रमात असावे.

शब्दांची साक्ष पाहू. पहिले नाव 'म्युनिसिपालिटी'. बोलीत त्याचे 'मुन्शीपालटी' झाले. अपरिचित शब्दात परिचित शब्द शोधण्याची लोकभाषेची खोड सर्वश्रुत आहे. पण येथे लोकांना जो परिचित शब्द सापडला, तो 'मुन्शी', म्हणजे लिहिणारा कारकून, हा होता! संस्थेत त्यांची गाठ ज्याच्याशी पडे, त्याचेच नाव त्यांनी तिला दिले. पुढे भाषाशुद्धीच्या चळवळीच्या काळात 'नगरपालिका', 'महापालिका' हे शब्द रुळले आणि सावरकरांचा 'महापौर' हा शब्द प्रतिष्ठा पावला. 'पालिका' म्हणजे पालन करणारी. शब्द गोड व आईसारखा, पण त्यात पाळणारी एक आणि पाळले जाणारे अनेक, असे नाते गृहीत आहे. १९६५ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने 'नगर परिषद' ही संज्ञा योजिली. 'परि' म्हणजे सभोवार आणि 'सद्' म्हणजे बसणे, तेव्हा परिषद म्हणजे भोवताली बसलेली माणसे. कायद्याने लोकांना बसावयास सांगितले. लोकांनी तो शब्द पाटीवर राहू दिला आणि तोंडी 'नगरपालिका'च ठेवली. २००३ साली धुळे व जळगाव ह्या दोन्ही ठिकाणी महानगरपालिका झाल्या, तेव्हा हा प्रश्न कायद्यानेच सोडून दिला. पालिका जिंकली, परिषद हरली. ह्या एका शब्दाच्या जयपराजयात नागरिकत्वाविषयीची आपली समजूत दिसून येते, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

७

१८९३ नंतर टाऊन हॉलचे काय झाले? नगर निघून गेले, पण वास्तू ओस पडली नाही. ग्रंथ आणि वाचक वाढत गेले. महामहोपाध्याय पां. वा. काणे ह्यांचा धर्मशास्त्राच्या इतिहासावरील पंचखंडात्मक ग्रंथ ज्या ग्रंथसंग्रहांच्या आधाराने सिद्ध झाला, त्यांत हा संग्रह प्रमुख होय. १९६३ साली काणे ह्यांना भारतरत्न मिळाले. आज ह्या वास्तूची ओळख म्हणजे एशियाटिक, आणि पायऱ्यांवर कोणीही येऊन बसते. ज्या तीस पायऱ्या चढून फक्त निमंत्रितांनी जावे म्हणून बांधल्या, त्या आता न बोलावलेल्यांची बैठक झाल्या आहेत. माणसे बसतात ती सभा, ह्या अर्थाने त्या पायऱ्या म्हणजे मुंबईची एक चावडीच होय. कोल्हापूरच्या टाऊन हॉलचीही कथा काहीशी अशीच आहे. चार्ल्स मँट ह्यांनी १८७० नंतरच्या दशकात गॉथिक वळणाने बांधलेली ती वास्तू आज वस्तुसंग्रहालय आहे.

आपल्याकडे धुळ्यास १९२६ च्या अखेरच्या दिवशी इतिहासाचार्य राजवाडे निवर्तले आणि त्यांचे दप्तर सांभाळण्यासाठी नागरिकांनी संशोधन मंडळ उभारले. त्यांचे धातुकोश व व्युत्पत्तिकोश त्याच मंडळाने प्रकाशात आणले. ते कार्य गल्ली नंबर एकमध्ये चालले. ब्रिग्जच्या आखणीतील अंकाला अशा रीतीने एक नाव प्राप्त झाले. ते सरकारी मंजुरीने मिळाले नाही, सोडतीनेही मिळाले नाही. लोक आधी जमले आणि घर मागाहून झाले. सभा आधी, गृह नंतर, हा क्रम खानदेशात एकदा तरी यथार्थ घडला, तो येथे.

जळगावच्या महानगरपालिकेचे कार्यालय आज सतरा मजली इमारतीत आहे आणि ती शहरात दुरूनही दिसते. उंचीविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. मुंबईनेही १८९३ मध्ये मनोरा उभारलाच होता. परंतु नव्या इमारती येतात तेव्हा जुन्या नगरपालिकांची घरे पाडली जातात किंवा गोदामे होतात. अमळनेर, पारोळे, एरंडोल, चोपडे, शिरपूर, नंदुरबार अशा गावी ह्या घरांची नोंद आपण ठेवलेली नाही. जोते किती उंच होते, सभेचे दालन वर होते की खाली, अध्यक्षांची खुर्ची कोणत्या बाजूस होती, लोकांना बसावयास बाक होते की नव्हते आणि त्या घराला गावात काय म्हणत, एवढ्या पाच गोष्टी प्रत्येक गावाच्या टिपून ठेवल्या, तरी नगरजीवनाचा एक इतिहास हाती येईल. मोजपट्टी आणि वही घेऊन हे काम आपल्या विभागाच्या विद्यार्थ्यांना दोन सुट्ट्यांत करता येईल. पाचवी गोष्ट वगळू नये, कारण घर पाडल्यावर पहिल्या चार गोष्टी कोणत्याही कागदात कदाचित सापडतील, परंतु लोकांच्या तोंडचे नाव त्या घराबरोबरच नाहीसे होते.